अस्सल प्रत

“कीबोर्डवरचे हात उचला. काही बंद करायचं नाही, काही चालू करायचं नाही.”

मी हात उचलले. एका लग्नपत्रिकेत मुलीच्या मामांची नावं टाइप करत होते. तिसऱ्या मामाचं आडनाव अर्धंच राहिलं. दारात बुटक्या चणीचा एक माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, मागे एक हवालदार. टाइपरायटरवर सराव करणाऱ्या पोरापोरींचे हातही आपोआप थांबले. नानांच्या क्लासमध्ये भर दिवसा इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

नाना कोपऱ्यात एका मशीनची रिबीन बदलत होते. शाईनं काळी झालेली बोटं धोतराला लागू नयेत म्हणून हात वर धरून ते पुढे आले.

“या, बसा. चहा सांगू?”

“आम्ही धाडीवर आलोय,” तो माणूस म्हणाला. “मी सबनीस. कंपनीतर्फे.”

“असेना. धाडीवरची माणसं चहा पीत नाहीत का?”

पोरं हसली. हवालदारही हसला. सबनीस हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि घडाघडा वाचून दाखवला: कॉम्प्युटर ज्या मूळ प्रणालीवर चालतो, ती ऑपरेटिंग सिस्टिम या गावात सर्रास चोरून वापरली जाते, एका सीडीवरून दहा मशीन चालतात, कंपनीनं आता नवी सिस्टिम काढली आहे, तिची अशी नक्कल होणार नाही, पण त्याआधी जुन्या चोऱ्यांचा हिशेब होणार.

नाना मनापासून खूश झाले. “बरं झालं तुम्ही आलात. मी सगळ्यांना सांगून थकलो हो. आमचं मशीन मात्र विकतचं आहे बरं का. आतलंसुद्धा.”

आणि ते खरं होतं. बार्शीच्या आमच्या रस्त्यावर तेव्हा चार-पाच कॉम्प्युटर क्लास होते, एकेकात आठ-दहा मशीन. नानांकडे एकच. ‘काळेगावकर टायपिंग इन्स्टिट्यूट’मध्ये भिंतीकडेनं टाइपरायटरांची रांग आणि मधोमध तो एकुलता एक कॉम्प्युटर. सिस्टिमची अस्सल प्रत घ्यायची तर मशीनच्या बरोबरीनं पैसे मोजावे लागत. दुसरं मशीन घेणं नानांना परवडलं नाही, आणि पहिल्यावरची सीडी दुसऱ्यावर घालणं त्यांना जमलं नाही. मुलं ताटकळत नंबर लावायची. शेजारचे क्लासवाले टोमणे मारायचे, “नाना, तुमच्याकडे कॉम्प्युटर शिकायचा का रांगेत उभं राहायला शिकायचं?” नाना म्हणायचे, “दोन्ही शिका. फी एकच.”

मी त्यांच्याकडे कामाला लागले तीच मुळी त्यांचं कीर्तन ऐकून. रामनवमीला भर दुपारी बाराच्या ठोक्याला राममंदिरात जन्माचं कीर्तन नानांचंच असायचं, कित्येक वर्षं. उत्तररंगात आख्यान रंगात आलं की हा रिबिनी बदलणारा, चष्मा दोऱ्यानं बांधणारा माणूस कुठं जायचा कोण जाणे. कीर्तनाच्या गादीवर उभा असायचा तो कुणी वेगळाच. बायका डोळे पुसायच्या आणि पाळण्याची दोरी धरायला पुढे सरायच्या.

“अस्सल आहे तर स्टिकर दाखवा,” सबनीस म्हणाले. “मशीनच्या डब्यावर चंदेरी स्टिकर असतो. त्यावर नंबर असतो.”

“हा काय!” नानांनी अभिमानानं कॉम्प्युटरचा डबा वळवला. “हीच तर आमची सरस्वती.”

सबनीस खाली वाकले. मग गुडघ्यावर बसले. खिशातून छोटी बॅटरी काढली.

“हे काय केलंय?”

स्टिकरवर नंबर नव्हता. लालसर-पिवळा डाग होता, मधे स्वस्तिकाच्या एका भुजेची खूण, आणि खाली कागदाचा पांढरा बुरा.

दर खंडेनवमीला आम्ही क्लासमध्ये यंत्रांची पूजा करायचो. टाइपरायटरांना झेंडू, स्टुलांना झेंडू, आणि कॉम्प्युटरला कुंकवाचं स्वस्तिक. ते काढायचा मान नानांचा, आणि ते काढायचे नेमके त्या चंदेरी चौकोनावर. म्हणायचे, सगळ्या यंत्रात हेवढीच जागा खरेपणाची, देव बसवायचा तर इथंच. ओल्या कुंकवाचं बोट, त्यावर हळद, अक्षता, आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून आलो की ओल्या फडक्यानं पुसणं. दर वर्षी एकेक आकडा गेला असणार. कुणाचं लक्षच नव्हतं.

“देवाचं आहे ते,” नाना म्हणाले. “पूजेचं.”

“मी देव तपासायला आलेलो नाही. मूळ सीडी?”

“ती जयवंतकडे. फॉरमॅट मारायला लागते म्हणून घेऊन गेला होता.”

“बिल?”

नानांनी लगबगीनं टेबलाचा खण उघडला आणि कच्ची पावती काढून दिली. त्यावर एवढंच होतं: कॉम्प्युटर सेट, एक.

“यात सिस्टिमचं नाव नाही.”

“अहो, जयवंतकडून पक्कं बिल काय मागायचं? पोरगा आपला. बोलवा त्याला, तो सांगेल.”

जयवंत शिराळला बोलवावं लागलं नाही. तो दारातच उभा होता. गावातला सगळ्यात मोठा कॉम्प्युटरवाला. सगळ्या क्लासांची मशीन त्यानंच जोडून दिलेली. नानांनीच त्याला टायपिंग शिकवलं होतं, आणि लहानपणी तो कीर्तनात त्यांच्या मागे टाळ धरून उभा राहायचा. हवालदारानं पंच म्हणून त्याला आणि समोरच्या शिंप्याला आणलं होतं.

“जयवंत, सांग बाबा यांना,” नाना म्हणाले. “तूच दिलंस ना विकत?”

जयवंतनं नानांच्या खांद्यावर हात ठेवला. “नाना, दिलं असणारच. पण त्या सालची बिलबुकं दुकान हलवलं तेव्हा कुठं गेली काय माहीत. तोंडी काय सांगू? साहेबांना कागद लागतो.”

“आणि सीडी?”

“शोधतो ना. शोधतो म्हणजे काय, आजच शोधतो.”

“मशीनच्या आतसुद्धा नंबर असतो ना?” मी मधे बोलले. “पडद्यावर दिसतो तो.”

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आत नंबर कुणीही घालतो, ताई. बाहेरच्याशी जुळायला हवा. आणि बाहेर आहे हळदीकुंकू.”

पंचनामा झाला. कॉम्प्युटर कापडात गुंडाळून लाखेनं मोहोरबंद झाला. हवालदारानं तो रिक्षात ठेवला तेव्हा रस्त्यावर ही गर्दी. बाकीच्या क्लासांना मात्र त्या दिवशी कुलपं होती. नाना भाबडेपणानं मला म्हणाले, “आज यांना कसली गं सुट्टी?”

*

मशीन गेलं आणि धंदा गेला. लग्नसराई तोंडावर होती. पत्रिकांचे मजकूर सगळे त्या मशीनच्या पोटात. गिऱ्हाइकं आगाऊ रक्कम परत मागायला येत आणि जाता जाता बोलून जात. एकजण तर नानांच्या तोंडावर म्हणाला, “कीर्तनात आम्हाला ऐकवता की हो, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. आता आमचा मजकूर तरी आमचाच ठेवलाय ना?”

नाना खणाकडे वळले. त्यांनी त्याचे पैसे दिले.

जयवंत रोज यायचा. येताना केळी आणायचा. त्यानंच मार्ग काढला. कंपनी कोर्टात जात नाही म्हणाला, तिला भांडण नको असतं. कबुली लिहून द्यायची, नवी सिस्टिम पूर्ण किमतीला घ्यायची, मशीन परत.

कागद तो टाइप करूनच घेऊन आला होता. नानांनी चष्मा नाकावर सरकवून वाचला: मी, रघुनाथ काळेगावकर, माझ्या संगणकावर चोरीची प्रत वापरत होतो हे कबूल करतो.

“जयवंत, हे खोटं आहे.”

“कागदावरचं आहे नाना. कागदावरचं खोटं, खोटं नसतं. ती एक पद्धत आहे.”

“मी गादीवर उभा राहतो रे.”

“म्हणून तर म्हणतो. कोर्टात उभे राहायची वेळ आली तर गादी कुठली?” मग त्यानं आवाज खाली केला, पण मला ऐकू येईल इतकाच खाली. “आणि मंदाकडे बघा. तिच्या वडिलांना उठता येत नाही. तिच्या पगारावर चूल आहे त्या घराची. किती दिवस बसवून पगार देणार?”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘नको नाना’ म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणाले की नाही, आता आठवत नाही. म्हणाले असले तरी ऐकू जाण्यासारखं नव्हतं. त्यांनी सही केली. टाइपरायटरच्या शाईचा अंगठा कागदाच्या कडेला उमटला, तो पुसायला गेले तर आणखी पसरला.

दुसऱ्या दिवशी मी रिबिनी आणायला जयवंतच्या दुकानी गेले, तर काउंटरच्या काचेखाली तो कागद. झेरॉक्स. शाईच्या अंगठ्यासकट. काउंटरवर एका क्लासचे मालक उभे होते, जयवंत त्यांना बोटानं दाखवत होता. “वाचा, वाचा. नानांना सोडलं नाही, तुम्हाला सोडतील?” मालक खिसे चाचपत होते. त्यांच्यामागे आणखी दोघं उभे. शेल्फवर नव्या सिस्टिमची खोकी एकावर एक रचलेली, आणि बाजूच्या मशीनवर त्याचा नोकर त्याच कागदाच्या आणखी प्रती काढत होता.

हे मी नानांना सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नाही. त्याच संध्याकाळी राममंदिराचे अध्यक्ष भाऊसाहेब आले, खिशातून तीच झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली.

“नाना, मी तुम्हाला ओळखतो. पण उद्या गादीसमोरून कुणी ओरडलं तर? तुम्हीच सांगा, हे खरं आहे का?”

“सही माझी आहे.”

“सही नव्हे हो. मजकूर.”

नानांनी झेरॉक्स त्यांच्याकडे परत सरकवली. “उद्या दुपारपर्यंत सांगा,” ते उठता उठता म्हणाले. “पत्रक काढायचंय. तुमच्या बाजूनं बोलता येईल असं काहीतरी द्या मला. एक शब्द द्या. नाहीतर लातूरचे बुवा बोलावतो.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत स्वतः मशीन घेऊन आला, आणि नव्या सिस्टिमचं चकचकीत खोकं. नानांनी पैसे मोजले. जयवंतनं सीडी घातली आणि खुर्चीवर रेलून बसला.

“आता गंमत बघा नाना. नुसती सीडी घालून भागत नाही. कंपनीला फोन लावायचा, ते आकडे सांगणार, ते घातले की मग हे मशीन आणि ही प्रत यांचं लग्न लागणार. दुसऱ्या मशीनवर ही प्रत चालणारच नाही. एकपत्नीव्रत.”

तो स्वतःच्या विनोदावर हसला. मी फोन लावला आणि स्पीकरचं बटण दाबलं. बराच वेळ वाजंत्री वाजली. मग एका मुलीचा आवाज आला, हिंदीतला, हसरा.

“हां बोलो बेटी,” नाना फोनवर वाकून मोठ्यानं म्हणाले. त्यांना वाटायचं लांबचा फोन म्हणजे मोठ्यानंच बोलायचं.

तिनं नाव विचारलं. पत्ता विचारला. पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

“सर, आपका नाम तो हमारे पास पहले से है.”

“मेरा?”

“जी. रघुनाथ काळेगावकर, बार्शी. पुराने वर्शन के रजिस्टर्ड ग्राहक हैं आप. कार्ड पोस्ट से आया था.” मग तिचा आवाज जरा गोंधळला. “सर, फिर आपने पूरा दाम क्यों दिया? पुराने ग्राहक को तो आधे में मिलता है.”

मी नानांचा दंड धरला. “नाना, ऐकलंत? त्यांच्याकडे नोंद आहे! तुमच्या नावावर नोंद आहे!”

नाना फोनकडे बघतच राहिले. “मैंने तो कोई कार्ड नहीं भेजा, बेटी.”

“किसी ने भेजा होगा सर. डीलर भेजते हैं. अच्छा, ये नई कॉपी कितने कंप्यूटर पर डाली है?”

“एक. एक ही है मेरे पास.”

“ठीक है सर. आपने कहा, बस.”

ती आकडे सांगू लागली. मी घालत गेले. दोनदा चुकले. तिनं न रागावता पुन्हा सांगितले. शेवटी “नमस्कार सर, शुभ दिन” म्हणून तिनं फोन ठेवला.

जयवंत चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला नाही.

“कार्ड तू पाठवलंस,” नाना म्हणाले. ते विचारत नव्हते.

“मीच. तुम्हाला इंग्रजी भरता येईना म्हणून मीच भरलं होतं. विसरलात?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“नाना—”

“त्या साहेबांसमोर एक वाक्य बोलला असतास.”

“बोललो असतो,” जयवंत म्हणाला. “मग माझी खोकी कुणी घेतली असती? ऐका, रागावू नका. बाकीच्या कुणाला धरलं असतं ना, तर लोक म्हणाले असते, होतेच ते तसले. महिन्याभरात विसरले असते. तुम्हाला धरलं, आणि आठवड्यात सगळ्या गावानं खोकी उचलली. ‘नानांनासुद्धा सोडलं नाही.’ एवढं एक वाक्य पुरलं मला.”

“तू त्यांना इथं पाठवलंस?”

“डीलरला एखादं नाव द्यावं लागतं.”

“आणि मी खरा निघालो असतो तर?”

जयवंत हसला. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, हेच मला आजही सहन होत नाही. घरच्या माणसासारखा हसला.

“कसे निघाल? दर खंडेनवमीला आरतीला मी असतो की.”

त्यानं चहा संपवला, पैसे मोजून खिशात घातले. “झालं ते झालं नाना. मशीन आलं, काम सुरू. रामनवमीला उभे राहा, मी येतो मागे टाळ धरायला.” आणि वाकून त्यानं नानांच्या पायांना हात लावला. नानांचा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला. मी तो हात बघत होते. तो डोक्यावर टेकला, क्षणभर तिथंच राहिला, मग परत आला.

जयवंत गेला. मी फोन उचलला.

“कुणाला लावतेस?”

“भाऊसाहेबांना. दुपार व्हायचीय अजून. आता आहे ना आपल्याकडे सांगायला! कंपनीच म्हणते तुम्ही खरे आहात. त्यांनाच फोन लावून देऊ, ऐकू दे सगळ्या मंदिराला.”

“ठेव तो.”

“नाना!”

“ठेव, मंदा.” ते स्टुलावर बसले. “काय सांगणार त्यांना? मी चोरी केली नव्हती, हेच ना? मग मी लिहून दिलं ते काय?”

“ते तर त्यानं जबरदस्तीनं—”

“हात धरून सही घेतली माझी? मला ठाऊक होतं ते खोटं आहे. वाचून, समजून केली.” त्यांनी शाईचा अंगठा दुसऱ्या बोटावर घासला. “चोर असतो तर कबुली देऊन शुद्ध तरी झालो असतो. चोर नव्हतो म्हणूनच तो कागद खोटा. कंपनीनं मला जितकं खरं ठरवावं, तितका मी खोटा बोललो. आणि ज्यानं जाणूनबुजून खोटं बोलावं त्यानं त्या गादीवर पाय ठेवू नये, हे मला हातात झांज देणाऱ्या गुरूंनी सांगितलंय. तिथं झेरॉक्स चालत नाही.”

“पण ते तर तुम्ही माझ्यासाठी...”

“तुझ्यासाठी कशाला? पत्रिका अडल्या होत्या,” नाना म्हणाले. हे त्यांचं दुसरं खोटं. आम्हा दोघांनाही ते कळलं.

बारा वाजायच्या सुमारास भाऊसाहेबांचा माणूस पत्रकाचा मजकूर घेऊन आला. कीर्तनकाराची जागा कोरी ठेवली होती. वर पेन्सिलीनं ‘नानांना विचारून’ असं लिहिलं होतं. नाना त्याला म्हणाले, “लातूरच्या बुवांना बोलवा म्हणावं. चांगलं गातात.”

माणूस गेला. नाना माझ्या मागे येऊन उभे राहिले. “घे, काढ पत्रक.”

नवी सिस्टिम झपकन उघडली. मी टाइप करत गेले. श्रीरामनवमी उत्सव, वेळ, स्थळ, सुंठवडा, प्रसाद. कीर्तनकाराच्या ओळीवर आले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं बोटांनी आपोआप टाइप केलं: ह. भ. प. रघुनाथबुवा काळेगावकर.

मी थांबले. पुसायला हात उचलेना.

नाना माझ्या खांद्यावरून वाकले आणि एका बोटानं एकेक अक्षर मागे घेत पुसत गेले. सावकाश, टायपिंगच्या पहिल्या दिवशी पोरांना शिकवतात तसं. ‘ह. भ. प.’ तेवढं ठेवलं. ते पुढच्यांना लागणारच होतं.

“आता बुवांचं नाव घाल,” ते म्हणाले. “आणि खाली देणगीदारांत पहिलं जयवंतचं घे. ठळक कर. यंदा त्यानंच मांडव दिलाय.”